टाईमटेबल नंतर बघू, आधी यादीतली कामं खोड

तुझा प्रश्न दोनदा वाचला. संभाजीनगरला भाड्याचं टू रूम किचन, मोठी पाच वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा आणि आता रांगायला लागलाय, मिस्टर वाळूजला कंपनीत शिफ्टमध्ये, सासूबाई सोबत पण गुडघ्यांनी बसल्या की उठता येत नाही, नळ आठ-आठ दिवसांनी. दिवसभर कामं करूनही एक काम पुरं झालंय असं वाटत नाही, लेकरांवर ओरडणं होतं आणि मग रात्री रडू येतं. आणि शेवटी लिहिलंस, ताई मला सकाळपासून रात्रीपर्यंतचं एक टाईमटेबल बनवून द्या, आणि बाई लावू का नको तेही सांगा.

तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. माझं सगळं आयुष्य गृहविज्ञान शिकवण्यात गेलं, परभणीकडच्या खेड्यापाड्यांत बायांच्या कामाचे कष्ट कसे कमी करायचे हेच बघत हिंडले, आणि त्या जिवावर सांगते की टाईमटेबल मी तुला देणार नाही. आठ महिन्यांचं लेकरू घरात असताना सकाळी साडेसातलाच ते मोडतं, मग मोडलं म्हणून तुलाच अपराधी वाटतं, म्हणजे चौदा कामांत पंधरावं काम वाढलं. टाईमटेबल ज्याचा दिवस त्याच्या हातात आहे त्याच्यासाठी असतं. तुझा दिवस सध्या लेकराच्या, शिफ्टच्या आणि नळाच्या हातात आहे.

त्याआधी एक गोष्ट, कामाची नाही. रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड, दोन्ही. बारापेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्त कमी, आणि आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायांना रक्त कमी निघालं होतं. बाळंतपणानंतर सहा महिने लोहाची गोळी रोज घ्यायची असते, कितीतरी जणी सव्वा महिना झाला की सोडून देतात कारण काळी संडास होते, मळमळतं, आणि बाळाच्या गडबडीत आठवणही राहत नाही. अंगात रक्तच नसेल तर मी सांगितलेली कुठलीच युक्ती चालणार नाही, पायऱ्या चढताना धाप लागते ती आळसाची नसते. आणि जेवल्या-जेवल्या चहा घेत असशील तर तो तासभर लांबव, चहानं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. दुसरं, रात्री रडू येतं म्हणालीस. अधूनमधून कुणालाही येतं. पण पंधरा दिवसांवर रोजच येत असेल, बाळ झोपलेलं असूनही तुला झोप येत नसेल, किंवा आपण नसतो तर बरं झालं असतं असं एकदा जरी मनात आलं असेल तर हे घरकामाचं प्रकरण नाही, डॉक्टरकडं जा. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता कामाकडं. एक वही घे आणि दोन दिवस फक्त लिही, काहीही बदलू नको. जे करशील ते लिही, आणि जे डोक्यात वागवतेस तेही लिही. गॅस कधी संपेल, पोरीच्या शाळेच्या ग्रुपवर उद्या पिवळा ड्रेस सांगितलाय, डोसची तारीख, सासूबाईंची बीपीची गोळी, दूधवाल्याचा हिशोब. हे दुसरं लिहायला बाया विसरतातच, आणि खरं थकवणारं निम्मं तेच असतं.

मग त्या यादीला चार प्रश्न विचारायचे, आणि क्रम सोडायचा नाही. पहिला, हे केलंच नाही तर नेमकं काय बिघडेल? दुसरा, हे कशाबरोबर उरकता येईल? तिसरा, आधी-नंतर केलं तर सोपं जाईल का? आणि चौथा, हे सोप्या रीतीनं कसं करता येईल? गृहविज्ञानात आम्ही काम सुलभीकरण म्हणून हेच शिकवतो. गंमत अशी की शंभरातल्या नव्वद जणी थेट चौथ्यापासून सुरू करतात, म्हणजे चॉपर मागवतात, डबे मागवतात, रील्स बघून फ्रीजमध्ये ट्रे लावतात, आणि यादीतलं एकही काम कमी झालेलं नसतं, उलट चॉपर धुवायचं वाढलेलं असतं. खरा फायदा पहिल्या प्रश्नात आहे. आणि तोच अवघड जातो, कारण तिथं "लोक काय म्हणतील" आडवं येतं.

तुझ्या जागी मी काय खोडलं असतं ते सांगते. घरात घालायच्या कपड्यांची इस्त्री, खोडली. बाळाची लंगोटं, झबली, पोरीच्या चड्ड्या-बनियन यांच्या घड्या, खोडल्या, तीन टोपल्या ठेव आणि वाळलेलं त्यात टाक, आत चुरगळलं तर कुणाचं काय जातं. रोज अख्ख्या घराची फरशी, खोडली, पोरगं रांगतं ती खोली आणि किचन रोज, बाकीच्या खोल्या दोन-तीन दिवसांनी. देवघरातली तांब्या-पितळेची भांडी रोज चिंचेनं घासणं, आठवड्यातून एकदा, देव समजून घेतो, सासूबाईंना मात्र आधी विचार. उन्हाळ्यातल्या कुरडया, पापड, शेवया, यंदा चक्क नाही, बचत गटाच्या बायांकडून विकत घे, त्यांच्याही घरात दोन पैसे जातील. महालक्ष्म्या तुमच्या घरी बसत असतील तर त्या बसवायच्याच, ते काही मी खोडायला सांगत नाही, पण फराळाचे किती पदार्थ घरी आणि किती बाहेरून हे महिनाभर आधी जावांशी फोनवर बोलून ठरव, आदल्या रात्री नाही.

काय खोडायचं नाही तेही ऐक. स्वयंपाकाआधी आणि बाळाचं शी-शू काढल्यावर साबणानं हात. बाळाचं पाणी उकळून. बाळाच्या वाटी-चमच्याची स्वच्छता. आणि साठवलेल्या पाण्यावर झाकण, त्याचं पुढं सांगते. बस, एवढ्यात तडजोड नाही, बाकी सगळ्यात आहे.

आता किचन, कारण तुझा निम्मा दिवस तिथंच जातोय. तू लिहिलंयस की पहाटे मिस्टरांच्या डब्याला पोळ्या, मग पोरीच्या डब्याला वेगळं, मग अकराला सासूबाईंना गरम, आणि रात्री परत गरम. म्हणजे दिवसातून चारदा कणीक, चारदा तवा, चारदा ओटा पुसणं. अगं, पोळी लाटायला लागत नाही एवढा वेळ या मांडण्या-काढण्यात जातो. कणीक रात्रीच एकदा भिजव, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजला ठेव, आणि पहाटे एकाच बैठकीत दुपारपर्यंतच्या सगळ्या पोळ्या लाटून मोकळी हो, फडक्यात गुंडाळून डब्यात मऊ राहतात. जवारीचं तसं नाही, पीठ मळून ठेवलं की भाकर थापताना चिरते, त्यामुळं ते ऐनवेळीच मळायचं, पण केलेली भाकर मात्र चांगली राहते. सकाळी तवा तापलेलाच असतो त्यावर दोन भाकरी जास्तीच्या टाकल्या तर रात्रीचं निम्मं काम झालं. शिळी भाकर आणि ताक खाऊनच आपली मागची पिढी शेतात राबली, आता त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही.

कालवणाचंही रोज नवं डोकं चालवू नको. रात्रीचं जेवण वारावर बांधून टाक. सोमवारी खिचडी, मंगळवारी पिठलं-भाकर, बुधवारी वरणफळं, असं सात दिवस, दर आठवड्याला तेच. पोरं कुरकुर करत नाहीत, मोठी माणसं करतात, तीही तिसऱ्या आठवड्यात गप्प होतात. एक वार येसराच्या आमटीचा ठेव, येसर माहेरून आणत असशीलच, नसशील तर मागव, भाजलेल्या धान्या-डाळींचं मसाल्याचं पीठच ते, फोडणी टाकून पाण्यात कालवून उकळलं की दहा-पंधरा मिनिटांत आमटी, माळवं निवडायचं काम नाही. पोरीच्या भुकेला सुशीला. चुरमुरे भिजवून पिळायचे, फोडणीत परतायचे, वरून दाण्याचं कूट, झालं. दाण्याचं कूट, सोललेला लसूण आणि एखादी कोरडी चटणी, कारळाची नाहीतर जवसाची, ही तीन आठवड्यातून एकदा सासूबाईंनी खुर्चीत बसून टीव्ही बघताना करायची कामं आहेत. त्यांनाही काहीतरी हातात हवंच असतं, आणि विचारलं नाही म्हणून त्या रुसतात ते वेगळंच.

बाळासाठी वेगळं शिजवतेस ते थांबव. कुकरला वरण-भात लावतेस ना, फोडणी-मिठाच्या आधी त्याच्यापुरतं काढून घे, चमच्यानं मऊ कुस्कर, वर थोडं साजूक तूप. मिक्सरमधून पातळ पेज करू नको, आठव्या महिन्यात त्याला थोडं दाटसर, रवाळ चालतं आणि चालायलाच हवं. एक दिवस त्यातच कुकरच्या वरच्या डब्यात गाजर नाहीतर भोपळा टाक. वेगळं पातेलं नाही, वेगळा गॅस नाही.

किचनमध्ये आणखी एक बघ. आमच्याकडं विद्यार्थिनींना एक प्रयोग द्यायचो, किचनचा नकाशा पुठ्ठ्यावर काढायचा, बाई जिथं जिथं वळते तिथं टाचणी आणि एका टाचणीवरून दुसरीवर दोरा नेत राहायचं, स्वयंपाक संपला की दोरा मोजायचा. एवढ्याशा किचनमध्ये केवढा दोरा लागतो हे बघून पोरी हसायच्या आणि मग गप्प व्हायच्या. लिलियन गिल्ब्रेथ नावाची एक अमेरिकन इंजिनिअर बाई होती, बारा लेकरांची आई, १९२४ ला नवरा वारल्यावर तिनं कारखान्यातल्या हालचाली मोजायचं शास्त्र किचनमध्ये आणलं, पायानं उघडायचा कचऱ्याचा डबाही तिच्याच नावावर सांगतात. तू पुठ्ठा वगैरे काही करू नको, फक्त उद्या चहा करताना स्वतःकडं बघ. पातेलं खालच्या मांडणीत, त्यासाठी वाकलीस. साखर-पत्ती वरच्या फळीवर, टाच उंचावलीस. गाळणी सिंकपाशी, दूध फ्रीजला आणि फ्रीज बाहेरच्या खोलीत, कप परत तिसरीकडं. एका चहाला सात-आठ वेळा वळणं, आणि कडेवर पोरगं. साखर, पत्ती, गाळणी, पातेलं, दोन कप हे सगळं गॅसच्या एका हाताच्या अंतरात आण, चिवडा-लाडवाचे रिकामे डबे आणि ते डिनर सेटचं खोकं वर जाऊ दे. रोजचं ते कमरेपासून डोळ्यापर्यंतच्या उंचीत, वर्षातून दोनदा लागणारं ते माळ्यावर. भाडेकरू असलीस तरी एवढं करता येतं, खिळा ठोकायला लागत नाही.

आता पाणी. धरण उशाला आणि कोरड घशाला अशी आपली गत, जायकवाडी धरणाचा नाथसागर भरलेला असला तरी तुझा नळ आठव्या दिवशीच. म्हणून आठवड्याचा हिशोब वाराचा धरूच नको, नळाचा धर. नळ येतो तो दिवस फक्त पाण्याचा आणि धुण्याचा. त्या दिवशी स्वयंपाक खिचडी, फरशी नाही, पाहुणे नाहीत, पोरीचा अभ्यास नाही. आदल्या दिवशी मोठं धुणं, चादरी-पडदे वगैरे, बाजूला काढून ठेव, म्हणजे नळ चालू असेपर्यंत मशीन चालू राहील, आणि शेवटच्या खळबळण्याचं पाणी टबात धरून तेच संडासाला आणि फरशीला. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो वजन असतं, ते तू ओढत आणू नको, लांब नळी घे आणि ड्रमपर्यंत ने, दोन-तीनशे रुपयांत कंबर वाचते. बाळंतपणाला वर्षही झालेलं नाही तुझ्या, पोटाचे स्नायू अजून सैल असतात. ड्रम भरण्याआधी आतून घासून घे, आणि भरल्यावर वर जुनं धोतर नाहीतर ओढणी दोरीनं आवळून बांध, नुसतं ताट ठेवलं की फट राहते. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणजे बरोबर तुझ्या दोन नळांमधलं अंतर. पिण्याचं पाणी वेगळ्या पिंपात आणि घ्यायला ओगराळं, पोरगी हात घालून पेला बुडवते तो बंद होईल.

आता मिस्टरांचं. तू लिहिलंस "सांगितलं तर मदत करतात". तिथंच गोम आहे, सांगायचं काम तुझ्याकडंच राहिलं ना. त्यांना एकेक फुटकळ काम सांगू नको, दोन अख्खी कामं देऊन टाक, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पाणी हे त्यांच्याकडं दे. नळाची वेळ कळवून घेणं, नळी, ड्रम धुणं, झाकणं, टँकरवाल्याला फोन, सगळं. फर्स्ट शिफ्ट असताना नळ दिवसा आला तर शेजारी कुणाला सांगून जायचं ते त्यांनी बघायचं. दुसरं, पोरीचं शाळेचं खातं. ग्रुपही त्यांच्याच मोबाईलवर, वही-ड्रेस-फी सगळं त्यांच्याकडं. पिवळा ड्रेस ते एकदा विसरतील, पोरगी लाल ड्रेसमध्ये जाईल, जाऊ दे. तू मधे पडून आठवण केलीस की काम परत तुझ्या डोक्यात आलं म्हणून समज. आणि ते ड्रम धुतील तो तुझ्यासारखा धुणार नाहीत, त्यावर बोलायचं नाही, डासांचं झाकण तेवढं तपासायचं.

हे फक्त तुझ्या घरचं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायांचा त्यात जाणारा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. आणि यात लेकरं सांभाळणं धरलेलं नाही, ते वेगळं मोजलंय. हा आकडा मिस्टरांच्या तोंडावर फेकू नको, भांडण होईल, पण सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी ते घरी असतात तेव्हा वही समोर ठेव आणि म्हण, हे मी लिहिलंय, यातलं तुमचं कोणतं? यादी बघितली की माणूस जरा गंभीर होतो, तोंडी सांगितलं की त्याला कटकट वाटते. सासूबाईंसमोर मात्र ही बैठक नको, मुलगा ड्रम धुणार म्हटल्यावर पहिला निषेध तिथूनच येईल. ते काम दोन-तीन आठवडे होऊ दे, मग सासूबाईच शेजारणीला कौतुकानं सांगतील.

पोरीला कामाला लावू नको पण सोबत घे. पाच वर्षांची पोर ताटं मांडते, मोज्यांच्या जोड्या लावते, बाळाची टोपली ओळखून कपडे टाकते. तिला वेळ लागेल, सांडेल. पण आई ओरडत नाहीये आणि आपण सोबत काम करतोय एवढंच तिला पुरतं.

काही दिवस तरीही हातचे जाणारच, दात येणं, ताप, नाईट शिफ्ट करून आलेला नवरा झोपलेला आणि पोरगं किंचाळतंय. त्या दिवसासाठी आत्ताच ठरवून ठेव की फक्त तीन गोष्टी होणार: सगळ्यांच्या पोटात काहीतरी, बाळाचे लंगोट धुतलेले, आणि रात्री सिंक रिकामं. सिंक का, तर सकाळी उठल्यावर पहिलं दर्शन त्याचं होतं. बाकी कपडे खुर्चीवर राहिले, झाडू निघाला नाही, चालतं. फक्त ते तीन कागदावर लिहून फ्रीजवर चिकटव, त्या दिवशी डोकं चालत नसतं.

आणि बाईचं विचारलंस. परवडत असेल तर लाव, आणि त्यात अपराधी वाटायचं काहीच नाही. पण सगळ्या जणी बाई फरशीला लावतात, तशी तू लावू नको. फरशी खोडता येते, पुढं ढकलता येते, भांडी ढकलता येत नाहीत, आणि बाळ कडेवर घेऊन तेच काम सगळ्यात अवघड. म्हणून भांडी दे, सकाळची एकदाच, रात्रीची तिच्यासाठी विसळून टबात ठेव. तिची वेळ पोरीच्या रिक्षानंतरची ठरव, ऐन डब्याच्या गडबडीत नको, नाहीतर तिच्यासाठी भांडी मोकळी करून देण्यातच तुझी सकाळ जाईल. महिन्याच्या दोन सुट्ट्या आधीच बोलून घे आणि त्याचे पैसे कापू नको, तीही दोन लेकरं घरी ठेवूनच येते. नळाच्या दिवशी अर्धा तास जास्त थांबशील का हे पहिल्याच दिवशी विचार, आणि त्याचे वेगळे पैसे ठरव.